मढची पन्नास मुलं आणि माझं डेव्हिएशन

५ जानेवारी १९८६, रविवार. सकाळी सव्वासात.
यंदा बायोस्टॅटिस्टिक्स संपवायचंच. पहिल्या टर्मला शंभरात अकरा मिळाले, पण तपासणाऱ्याला माझी मेथड कळलेली दिसत नाही. ठराव: रोज पहाटे पाचला उठून दोन गणितं. आज रविवार, म्हणून सात.
गिरणी सुटल्यापासून दादा घरीच असतात. दिंडोशीतल्या आमच्या सगळ्या बिल्डिंगीत त्यांनी सांगून ठेवलंय, आमचो काशीराम डाक्टर होतलो. दादा, हा हेल्थ व्हिजिटरचा डिप्लोमा आहे, असं मी दोनदा सांगितलं. म्हणाले, तांच रे तां.

९ जानेवारी, गुरुवार.
मीन, मीडियन, मोड क्लिअर. तिन्ही एकच, नावं तेवढी वेगळी. शेजारच्या बाकावरच्या प्रेमाला समजावलं. म्हणाली, काश्या, तुझी वाट लागणार रे. जेलसी.
बळवंत सरांनी प्रोजेक्ट दिलं. पाच वर्षांखालच्या पन्नास मुलांची वजनं घ्यायची, मीन आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (सरांच्या भाषेत, वजनं सरासरीपासून किती विखुरलीत ते) काढायचं. त्याशिवाय पास नाही. प्रेमाने घाटकोपर घेतलं. मी मढ मागितलं. समुद्राची हवा.

१२ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.
वर्सोव्याहून होडीने मढ. सरूबाई नावाच्या म्हातारीच्या अंगणात, आडव्या बांबूला कॉलेजचा स्प्रिंगचा काटा टांगला. खाली झोळी, झोळीत मूल. पहिलं रडलं, मग न बसलेलीही रडू लागली. तीन तासांत एकोणीस. एकाने माझ्या पँटवर शू केली.
काटा रिकामा असतानाही दीड किलोवर उभा असतो. कॉलेजने काही विचार करूनच तसा ठेवला असणार.
पहाटे पाचचं उद्यापासून.

१९ जानेवारी, रविवार.
पन्नास पूर्ण! झकास.
सरूबाईने तिच्या मासळीच्या तागडीचं पाच किलोचं वजन आणून माझ्या काट्याला अडकवलं. साडेसहा दाखवलं. म्हणाली, तुजा काटा खोटा हाय. मी शांतपणे सांगितलं की मासळीचं वजन वेगळं आणि मेडिकल वजन वेगळं. ती हसत आत गेली.
तिची सून जया शेवटपर्यंत थांबली होती. मुलगा हरेश्वर, दोन वर्षांचा. खात नाही, उभा राहत नाही, नुसता बसून असतो, म्हणाली. काट्यावर साडेआठ. यादीतली सहा महिन्यांची एक मुलगी आठची आहे, तेव्हा साडेआठ म्हणजे काहीच वाईट नाही. तिला म्हटलं, काळजी करू नका, रेंजमध्ये आहे. तिने इतका मोठा श्वास सोडला की मला पहिल्यांदाच डॉक्टर झाल्यासारखं वाटलं.

२३ जानेवारी, गुरुवार.
डेव्हिएशन आलं! २.९. त्याआधी दोनदा वर्गमुळाच्या आत मायनस येत होतं. सर म्हणाले, असं होऊच शकत नाही. माझ्याकडे होतं.

२६ जानेवारी, रविवार.
झेंडावंदनानंतर प्रेमाला काटा आणि वही दाखवली, कौतुकासाठी. तिने विचारलं, रिकामा काटा दीडवर का? मी म्हटलं, पहिल्यापासून तसाच आहे. ती वही उलटत गेली आणि हरेश्वरच्या ओळीवर थांबली. म्हणाली, दोन वर्षांचा मुलगा सात किलो, काश्या. तो आजारी आहे रे. चल.
मढला जाऊन जया आणि हरेश्वरला घेतलं. होडी, बस, रिक्षा. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरलाच नाही. म्हणाल्या, कुपोषणाची सूज आहे, आणखी आठवडा गेला असता तर काही खरं नव्हतं. भरती करून घेतलं.
जयाने मला विचारलं, पण तुम्ही रेंज म्हणाला होता ना? ओरडली नाही, नुसतं विचारलं. फॉर्म प्रेमाने भरला. मी पाणी आणायला गेलो आणि वॉर्ड चुकलो.
तसा काटा कॉलेजचा होता.
तरी तो दीडवर आहे हे मीच वहीत लिहिलंय.

२ फेब्रुवारी, रविवार.
हरेश्वर पेज प्यायला. प्रेमाने सांगितलं. मी वॉर्डच्या दारापर्यंत गेलो होतो.
पन्नासही वजनांतून दीड-दीड वजा करून नव्याने गणित केलं. डेव्हिएशन २.९ वरून २.४ वर आलं. म्हणजे चुकीतूनही रिझल्ट सुधारला. व्हायवाला हाच पॉइंट मारायचा.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
व्हायवा. बाहेरच्या परीक्षक बाईंनी नेमकं तेच विचारलं! सगळी वजनं दीडने कमी केली तर डेव्हिएशनचं काय होईल? मी ठणकावून म्हटलं, कमी होतं, मी स्वतः काढलंय. त्यांनी विचारलं, कसं? मी म्हटलं, मढला जाऊन.
बळवंत सरांनी चष्मा काढून पुसला. बाहेर आल्यावर म्हणाले, अरे, सगळेच दीडने उतरले तर एकमेकांतलं अंतर तेवढंच राहणार ना? डेव्हिएशन हलतच नाही.
घरी येऊन पुन्हा केलं, सरांना दाखवायला. ३.३ आलं.

१ मार्च, शनिवार.
नापास. प्रेमा पहिली. दादांना सांगितलं, रिझल्ट राखून ठेवलाय. ते खाली पेढे कुठल्या दुकानातून आणायचे ते विचारायला गेले. थांबवता आलं नाही.

२ मार्च, रविवार.
प्रेमाबरोबर मढ. तिने नवा काटा आणलाय, रिकामा असताना शून्यावर उभा राहतो. हरेश्वर घरी आलाय. मला बघून रडला नाही, ओळखलं नसावं. सरूबाईने सगळ्यांना चहा दिला, मलाही.
प्रेमाने वजन घेतलं. मला म्हणाली, तू फक्त लिही. आठ किलो दोनशे. मी नऊ दोनशे लिहिलं. तिने वही काढून घेतली, खोडलं, आणि मला म्हणाली, तू झोळी धर.
धरली.