धपाटे प्रतीकात्मक

६ नोव्हेंबर
नातवाचं बारसं २३ला. उत्कर्षाला रजा नाही. जोरहाटला एअर फोर्समध्ये आहे, देश आधी. पण आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? फोनवर रडली पोरगी. म्हटलं, रडू नकोस, तुझा बाप रेल्वेत सिग्नल इंजिनियर होता. रिटायर झाला म्हणजे संपला नाही. तुझा आवाज बाळाच्या कानात पोचवणं माझ्याकडे लागलं. बारसं व्हर्च्युअल. सगळ्या नातेवाइकांना लिंक. होस्ट मी.

९ नोव्हेंबर
अजेंडा तयार. स्वागत (मी). कुलपरिचय, स्लाइडसह (मी). नाव (उत्कर्षा). आभार (मी).
बायकोने, लताने, विचारलं, आत्या कानात कुर्रर्र करते तेव्हा तिच्या पाठीत धपाटे कोण घालणार? पॉइंट बरोबर होता. अजेंड्यात लिहिलं: धपाटे प्रतीकात्मक, ज्याने त्याने आपापल्या स्क्रीनसमोर घालावेत. वाचून लता उठून स्वयंपाकघरात गेली. भारावली असावी.

१४ नोव्हेंबर, दुपार
रिहर्सल. बाळाच्या जागी उशी. आमच्या जानकीपुरमच्या लाइटचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टरमध्ये पाणी घातलं. चिरंजीव अभिजित म्हणाला, पापा, छोड़िए ना यार, फोन कान से लगा देंगे. मराठी येत असून हिंदीत उत्तर, इकडे उत्तरेत वाढल्याचा परिणाम. या पिढीला सिस्टिम म्हणजे काय तेच कळत नाही.
नाव काय, ते उत्कर्षा कोणालाच सांगत नाही. थेट बाळाच्या कानातच सांगणार म्हणे. छान. सस्पेन्स हवाच.

२० नोव्हेंबर
वाईट बातमी. उत्कर्षाची रजा मंजूर. परवा चारबाग स्टेशनला उतरते आहे. घरात सगळे नाचताहेत. माझ्या मेहनतीचं कोणाला काही नाही. तिकडे नागपूर-साताऱ्याची मंडळी लिंक घेऊन तयार बसली आहेत.

तोच दिवस, संध्याकाळ
तोडगा निघाला. उत्कर्षा येऊ दे. जॉइन बेडरूममधून करेल. मध्ये फक्त एक भिंत, म्हणजे आवाज तुटायचा प्रश्नच मिटला.

२२ नोव्हेंबर
उत्कर्षा आली. योजना सांगितली. तिने आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाली, अच्छा, बाबा. शिस्तीत वाढवल्याचा हा फायदा.

२३ नोव्हेंबर, सकाळ
नवे हेडफोन. बाहेरचा आवाज अजिबात येत नाही. उत्तम.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
कार्यक्रम एकंदरीत यशस्वी. नागपूरच्या गीताकाकू आडव्या दिसत होत्या, धैर्यशीलकाकांचं नुसतं कपाळ. किरकोळ बाबी. कुलपरिचयाची स्लाइड मात्र चौथ्या पिढीवर अडकली. ती सोडवताना स्क्रीनवर उत्कर्षाची खुर्ची रिकामी दिसली. हेडफोन काढून मागे वळलो.
उत्कर्षा पाळण्यावर वाकलेली. लता, सूनबाई अमृता, शेजारच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालताहेत. खरेखुरे. पोरगी हसतही होती, रडतही होती. नाव ठेवून झालं होतं.
मला ऐकू आलं नाही. तेव्हा मी चौथ्या पिढीत होतो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
रेकॉर्डिंग लावून पाहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच आहे. सर्वांनी कृपया म्यूट राहावे, असं म्हणतो आहे.

२४ नोव्हेंबर
नाव कोणाला विचारू? सख्ख्या आजोबाने विचारणं बरं दिसत नाही. दिवसभर बाळाच्या आसपास राहिलो. सगळे त्याला पिल्लू नाहीतर गोलू म्हणताहेत. उत्कर्षा संध्याकाळच्या गाडीने गेली. निघताना पाया पडली, म्हणाली, बाबा, नाव आवडलं ना? म्हटलं, प्रश्नच नाही.

२५ नोव्हेंबर
खाली सब्जीवाला भैया भेटला. लताने त्याला काल पेढे दिले होते. म्हणाला, बाबूजी, पोते का नाम बड़ा अच्छा रखा. मी म्हटलं, हाँ, हमने ही सुझाया था.
त्याने विचारलं, मतलब क्या होता है?
दोन किलो तोरई, म्हणजे आपली दोडकी, घेतली आणि वर आलो. आमच्याकडे तोरई कोणी खात नाही.