गरम दांड्याचं माप

प्रिय दादा,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी इंजिनिअरिंगला बसलोय, वर्गातली मुलं काका म्हणतात, तरी मजेत आहे.

आज प्रात्यक्षिकात लेथवर लोखंडी दांडा कातला आणि तू शिकवलंस तसा उतरवल्या उतरवल्या मोजून माप वहीत लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "काका, बस चुकतेय का तुमची? आधी थंड होऊ द्या." तासाभराने मोजला, तर केसभर बारीक! गरम लोखंड फुगतं हे पुस्तकात वाचलं होतं, हाताला आज कळलं.

मला तुझ्या वर्कशॉपमधला तो पंपाचा दांडा आठवला. संध्याकाळी गरम असतानाच मोजला तेव्हा मापात होता, सकाळी ढिला निघाला आणि तू गिऱ्हाइकासमोर माझ्या थोबाडीत दिलीस. तीस वर्षं मला वाटत आलं, आपलाच हात कच्चा. आज मी तिथेच देवाला हात जोडले.

हे कळवलं तर तू मनाला लावून घेशील, दोन दिवस धड जेवणार नाहीस. म्हणून पत्र वहीतच ठेवतो. मघाशी फोनवर तू विचारलंस, "काय नवीन शिकवतात रे तिथे?"

मी म्हटलं, "तुझंच सगळं, दादा. फक्त जरा सावकाश."

तुझा धाकटा