फ्रेमा कमी पडल्याची हकीकत

कर्वेनगर, पुणे
बुधवार, दुपार

सुदर्शनरावांना ज्ञानदेवचा सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायचा प्रघात आहे, म्हणून लिहितो. तुमची शालूताई बरी आहे, तिचा गुडघा तसाच आहे, आणि माझी साखर डॉक्टरांनी नुसतं नाक मुरडावं इतपत आहे. तुमच्या पाठीचं काय झालं? साताऱ्याची हवा कशी औषधी आहे हे तुम्ही आम्हाला तीस वर्षं ऐकवताय, तेव्हा पाठ मुळात दुखायलाच नको होती. (शालूने विचारलं तर हे वाक्य काळजीपोटी लिहिलंय असं सांगा.) फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर तुम्ही "हं, हं" करत स्वतःचा टीव्ही बघत असता, ते आम्हाला इकडे ऐकू येतं. शिवाय विषयही टीव्हीचाच आहे, आणि तो तुमच्या आग्रहाने घेतलेला असल्यामुळे आपण हे पत्र शेवटपर्यंत वाचावं अशी अपेक्षा आहे.

तेजस जर्मनीला गेल्याला चार वर्षं झाली. पहिली तीन वर्षं त्याचा फोन म्हणजे माझ्या वाट्याला दोन वाक्यं. एक, जेवलात का. दोन, आईला द्या. त्याला दोष देत नाही. मी माझ्या वडिलांशी जन्मभरात जे बोललो ते एका पोस्टकार्डावर मावेल, तेही पत्त्याला जागा सोडून. गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा त्याने त्याचा जुना लॅपटॉप इथेच ठेवला, त्यात मोटारींच्या शर्यतीचा गेम होता, आणि तो त्याने मला शिकवला. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी सात वाजता तो तिकडून गाडी चालवतो आणि मी इकडून. (मला आयुष्यात लूनाच्या पलीकडे काही चालवता आलं नाही असं तुम्ही लग्नकार्यात सांगत असता, ते पोचलेलं आहे.) गंमत अशी की गाडी चालवता चालवता तो बोलतो. एकमेकांची तोंडं दिसत नसली की बोलायला बरं पडत असावं. त्याच्या आमटीत मीठ जास्त पडतं, त्याचा साहेब किरकिऱ्या आहे, हे मला रविवारी कळतं आणि शालूला सोमवारी माझ्याकडून. या घरात बातमी त्या दिशेने पहिल्यांदाच गेली. मी त्या रविवारवर जगतो असं म्हटलं तर शालू विचारेल, मग दोन वेळचं कोण करतं. म्हणून म्हणत नाही. पण जगतो.

तर लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर मला वळणं दिसेनात, मी प्रत्येक वळणाला झाडावर जायचो, आणि तेव्हा तुम्ही म्हणालात की टीव्हीला जोडा, आणि टीव्ही घ्यायचा तर फोर-केच घ्या, मोठा घ्या. घेतला. पासष्ट इंच. चित्र इतकं लख्ख की बातम्या देणाऱ्या बाईंच्या पदराची टाचणी दिसते. पण गेम लावला तर गाडी चालेना. पुढे जाते, थांबते, विचार करते, परत जाते. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सहाला सगळ्याच गाड्या अशा जातात, त्यामुळे पहिले दोन रविवार हा बिघाड आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. तेजस मात्र शर्यत संपवून माझी वाट बघत बसायचा. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "बाबा, तुमच्याकडे फ्रेम ड्रॉप होतायत. असंच होणार असेल तर राहू दे, नको खेळूया." ते शेवटचं वाक्य ऐकून मी हेडफोन काढून ठेवला. म्हटलं, पुढच्या रविवारच्या आत हे निस्तरलं नाही तर आपण पुन्हा "जेवलात का"वर आलो.

आता फ्रेम पडतायत म्हटल्यावर माणूस कुठे बघेल? मी वर बघितलं. टीव्हीच्या बरोबर वर कै. नानांचा, म्हणजे तुमच्याच तीर्थरूपांचा फोटो, आणि खिळा खरोखरच कललेला. मला वाटलं, आईशी बोलताना पोराला फोनच्या कॅमेऱ्यातून दिसलं असेल. किती लक्ष आहे त्याचं. मी नानांना उतरवून टॉवेलात गुंडाळून माळ्यावर मिक्सरच्या खोक्यापाशी ठेवलं. शालू भजनी मंडळातून आली, चप्पल काढायच्या आत तिने विचारलं, नाना कुठे. मी खरं ते सांगितलं. पुढच्या दोन दिवसांबद्दल लिहीत नाही. तुम्ही त्याच घरातले आहात, तुम्हाला कल्पना आहे.

मंगळवारी तेजसने फोन करून विचारलं की कोपऱ्यात आकडा दिसेल, फ्रेम किती आहेत ते बघून सांगा. आकडा काही दिसला नाही, म्हणून मी हॉलच्या चारी कोपऱ्यांतून मोजल्या. नाना धरून (ते तोवर सन्मानाने परत आले होते) आठ. आठ म्हटल्यावर तो हबकला. म्हणाला, आठमध्ये कसं चालेल, किमान तीस हव्यात, साठ असतील तर उत्तम. मी चक्रावलो. जर्मनीत जाऊन मुलगा वास्तुशास्त्राच्या नादी लागला की काय, असंही मनात आलं. पण रविवार डोळ्यासमोर होता. मी तडक आमच्या कोपऱ्यावरच्या संतोष फ्रेमवाल्याकडे गेलो आणि बावीस फ्रेमा मागितल्या. त्याने विचारलं, कशाच्या. म्हटलं, कशाच्याही. साइज? म्हटलं, कुठलीही, तीस भरल्या म्हणजे झालं. तो पुण्याचा दुकानदार आहे; त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाला, "काका, भिंत विचारून आलात का?" मग त्याने आतून, लोकांनी करायला टाकून कधी नेल्याच नाहीत अशा बावीस फ्रेमा काढून दिल्या. त्यामुळे सध्या आमच्या हॉलमध्ये तीन गणपती, कुणाची तरी पदवीदानाच्या झग्यातली मुलगी, एक अनोळखी साखरपुडा आणि धायरीचा एक अख्खा कबड्डी संघ आहे. शेजारच्या काकू आल्या तेव्हा त्यांनी संघाला नमस्कार केला.

रविवारी तेजसने विचारलं, वाढल्या का फ्रेम. मी अभिमानाने सांगितलं की तीस भरल्या, अगदी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. त्याने विचारलं, कसलं दार? मग म्हणाला, बाबा, व्हिडिओ लावून फोन जरा भिंतीकडे फिरवा. फिरवला. सुदर्शनराव, तो जो हसला, तसा हसलेला मी त्याच्या दहावीनंतर ऐकला नव्हता. हसता हसता त्याला ठसका लागला, मी इकडून पाणी पी, पाणी पी म्हणत होतो. मग त्याने समजावलं की हलतं चित्र म्हणजे एकामागून एक झपाझप दाखवलेली स्थिर चित्रं, त्यातल्या एकेकाला फ्रेम म्हणतात, आणि माझ्याकडे ती सेकंदाला मोजकीच येतात. (हे त्याने आधी सांगितलं असतं तर कबड्डी संघ आज धायरीत असता.) पुढे दोन तास त्याने माझ्याकडून काय काय करून घेतलं. वायर या भोकातून काढून त्या भोकात. टीव्हीत "गेम मोड" शोधा. लॅपटॉपचा चार्जर लावलाय ना बघा. मग अपडेट नावाची एक पट्टी पडद्यावर आली आणि एक्केचाळीस टक्क्यांवर बसून राहिली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. बेचाळीस होईतो तो मला म्हणाला की स्पृहा नावाची एक मुलगी आहे, तिथेच नोकरीला, आणि आईला इतक्यात सांगू नका. (तुम्हालाही सांगायचं नव्हतं. लिहिण्याच्या ओघात झालं. विसरा.) अपडेट झालं, गाडी होती तशीच.

सोमवारी वरच्या मजल्यावरची उत्कर्षा वाटी परत द्यायला आली. मूळची अमरावतीची, इथे हिंजवडीला आयटीत आहे. तिने दारातूनच टीव्ही बघितला आणि म्हणाली, "काका, या जुन्या लॅपटॉपवर फोर-के चालवून राहिले का तुम्ही?" मी म्हटलं, टीव्हीच फोर-के आहे, तर दुसरं काय चालवणार. तिने सांगितलं की या टीव्हीत साध्यापेक्षा चौपट ठिपके आहेत, आणि प्रत्येक फ्रेमला ते सगळे रंगवता रंगवता बिचारा लॅपटॉप थकतो. तिने सेटिंगमध्ये जाऊन ठिपके पाव केले. वाटी ओट्यावर ठेवायच्या आत गाडी सुसाट. मी विचारलं, मग बाकीचे तीन हिस्से ठिपके गेले कुठे. म्हणाली, कुठे नाही गेले, फक्त कामाचे नाहीत. निवृत्त माणसाबद्दल बोलली असती तर समजलो असतो, पण टीव्हीबद्दल अजून कळलेलं नाही. म्हणजे चौपट मोठं पातेलं आणायचं आणि त्यात वाटीभर आमटी करायची, हा तुमचा सल्ला होता. शालूला दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. मलाही, पण मी तिच्यासमोर कबूल केलं नाही.

तर टीव्ही आता उत्तम चालतो. काल मंगळवारी सुट्टी होती म्हणून तेजसने मुद्दाम खेळायला घेतलं, आणि आठ गाड्यांत मी तिसरा आलो. आपण सल्ला दिलात त्याबद्दल आभार मानायला हवेत, ते मानले असं समजावं. सौ. वहिनींना नमस्कार सांगा, मुलांना आशीर्वाद, आणि पाठीला शेक.

आपला,
ज्ञानदेव

ता. क. १: नाना आपल्या जागी आहेत, नव्या खिळ्यावर. संतोष फ्रेमा परत घेत नाही. साताऱ्यात कुणाला साखरपुडा हवा असल्यास कळवा.

ता. क. २: आता पत्राचं खरं कारण. काल तीन शर्यती झाल्या, बावीस मिनिटांत. गाडी इतकी पळते की बोलायला उसंत मिळत नाही. तिसरी संपल्यावर तो खुशीत म्हणाला, "वा बाबा, एकदम स्मूद झालं. भेटू पुढच्या रविवारी," आणि गेला. स्पृहाचं विचारायचं राहून गेलं. मी हेडफोन घालून तसाच बसलो होतो, शालूने विचारलं, झालं इतक्यात? झालं होतं. सुदर्शनराव, तुम्ही वीज मंडळात एकतीस वर्षं काढलीत. आपण दोन दिवस येऊन त्या टीव्हीत काहीतरी करून जावं अशी कळकळीची विनंती आहे. बिघाड असा हवा की फोनवरून दुरुस्त होईलसं वाटावं, पण होऊ नये. येताना जिन्यात उत्कर्षा भेटली तर पाठीचं दाखवायला आलोय म्हणा. ती पोरगी पाच मिनिटांत सगळं ठीक करून टाकते.

ता. क. ३: पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात तेजसचा फोन आला. आज बुधवार, मधलाच वार, म्हणून मी घाबरलो. म्हणाला, "बाबा, काल मला तुमच्या टीव्हीचा आवाज चित्राच्या जरा मागे पडतोयसं वाटलं. तुम्हाला वाटलं का? बघूया का जरा? वेळ लागेल." मी म्हटलं, हो रे, मलाही वाटलं. तेव्हा तुम्ही आता येऊ नका. आलात तर टीव्हीला हात लावू नका. सव्वादोन तास आम्ही आवाज तपासला. स्पृहा नाशिकची आहे. आवाजाला काहीही झालेलं नाही.