गोल वातीची बोंडी

दिघोरी,
४ मे १९८४

प्रिय गिरजा,

हे पाकीट तुझ्या हातात देताना देवाजी पोस्टमन हसला असेल, तर त्याला हसू दे. तुझं आंगण आणि माझं आंगण यांच्यामध्ये छातीएवढी मातीची भिंत आहे, आणि तेवढं अंतर ओलांडायला हे पत्र आधी लाखांदूरला जाईल, शिक्का खाईल आणि सायकलवर बसून परत दिघोरीला येईल. काल कोरं पाकीट घेताना मी पत्ता सांगितला, तर देवाजीनं मला विचारलंच, "बाई, भित्तीवरून टाकून देल्लं असतं त आतापावतो वाचूनबी झालं असतं, पोस्टात कायले टाकून राहिल्या?" मी म्हटलं, तू तुझं काम कर. नऊ वर्षांपूर्वी पंचांसमोर मी म्हणाले होते की गिरजाशी जन्मात बोलणार नाही. लिहिणार नाही असं काही मी म्हणाले नव्हते.

आणि वाट काढण्यात तू तरी कुठे मागे आहेस? परवा दुपारी कुंकवाची वाटी घेऊन तू तुझ्या घनश्यामच्या लग्नाचं बोलावणं करत फिरत होतीस. मी दाराआड सूप हातात धरून उभी होते. तू आलीस, थांबलीस, आणि घराला कुलूप असलं म्हणजे लावतात तसं चौकटीला कुंकवाचं बोट लावून, उंबऱ्यावर चार अक्षता ठेवून निघून गेलीस. आत चुलीवर वरण उकळत होतं, छपराच्या कवेलूंतून धूर निघत होता, आणि तू घर बंद धरून कुंकू लावून गेलीस. आधी मला राग आला. मग इतकं हसू आलं की सूप खाली ठेवावं लागलं. आणि मग, खरं सांगते, थोडं रडूही आलं, कारण नऊ वर्षांत तू माझ्या दारापर्यंत पहिल्यांदाच आली होतीस. ते कुंकू मी अजून पुसलेलं नाही.

तुझ्या घरच्या बातम्या मला कळतात कशा, हे तुला ठाऊकच आहे. घनश्यामनं ती भिंत कधी मानलीच नाही. तुझ्याकडे जेवायचं आणि माझ्याकडे येऊन ताक प्यायचं, हे त्याचं बारा वर्षांचा होता तेव्हापासून चालू आहे. नवरी लाखनीची, नाव शकुन, सातवी शिकलेली, हे मला त्यानंच सांगितलं, आणि सांगताना कानापर्यंत लाल झाला होता. गेल्या सोमवारी मात्र तो गंभीर तोंड करून आला आणि म्हणाला, "माय रोज दिवा घासून राहिली, काकू. घासते अन् ठेवून देते. बोंडी नाही त घासून काय फायदा? माह्या नवरीनं काय विजेचा लट्टू हातात घेऊन यावं घरात?" मी त्याला ताक दिलं. पण त्या दिवसापासून माझं कामात लक्ष नाही.

तुला आठवतं का, आपण दोघी त्या दिव्यासकट या घरात आलो तो दिवस? कोंढ्याच्या शाळेत एका पाटीवर लिहिणाऱ्या दोन मुली. मला दिघोरीच्या केशवरावांच्या धाकट्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा मीच आईच्या मागे लागले की मोठ्यासाठी गिरजाला विचारा, नाहीतर मी जात नाही. एका मांडवात आपली दोघींची लग्नं लागली. मामाजींनी, आपल्या हौशी सासऱ्यांनी, साकोलीच्या डाक बंगल्याच्या लिलावातून तो पितळेचा दिवा आणला होता, आणि घरात येणाऱ्या सुनेनं पहिल्या पावलाला तो हातात धरून आत न्यायचा, असा त्यांनी नियमच केला होता. पण दिवा एक आणि सुना दोन. सासूबाईंनी दोघींच्या हातात मिळूनच दिला. तू टाकीला धरलंस, मी बुडाला. दरवाजा अरुंद, समोरासमोर तोंड करून आपण दोघी बांधावरच्या खेकड्यासारख्या आडव्या चालीनं आत शिरलो. सासूबाई म्हणाल्या, "दोघी मिळून एक सून आली व माह्या घरी." सगळा मांडव हसला, आणि मी तुझ्या पायावर पाय दिला.

काय दिवा होता तो. आपल्या कंदिलाची वात चपटी पट्टी, त्याची वात मात्र बाहीसारखी पोकळ, गोल. मधल्या नळीतून खालून वारा चढायचा, आणि त्या नळीच्या तोंडावर ती अंगठ्याएवढी, बारीक भोकांची बोंडी बसायची. बोंडी नीट बसली की ज्योत सगळीकडून सारखी उमलायची आणि उजेड इतका पांढरा पडायचा की तांदळातला खडा दिसावा. बोंडी वाकडी बसली की एका बाजूनं ज्योत वर चढे आणि काच काळी. बारसं असो, साखरपुडा असो, मंडईच्या जत्रेला आलेल्या पाहुण्यांची पंगत असो, गावात ज्याच्या घरी काही कार्य असेल तो आपल्याकडे दिवा मागायला यायचा. दिव्याबरोबर मीही जायची, कारण तुझ्या हातून बोंडी कधी बसलीच नाही आणि मी बोलता बोलता बसवायची. लोक मला पाट द्यायचे, पहिला चहा माझ्या हातात द्यायचे. मला ते फार आवडायचं. आजही आठवलं की मान ताठ होते, काय करू?

मग पंचाहत्तर साली वाटणी झाली. शेत वाटलं, बैल वाटले, धानाच्या ढोल्या वाटल्या, सगळं हसत-खेळत. दिव्यापाशी येऊन गाडं अडलं. मोठी सून तू, म्हणून दिवा तुला जावा असं पंच म्हणाले. तेव्हा मी उभी राहिले आणि भरल्या आंगणात म्हणाले, "तिले दिवा कायले पाहिजे? तिले त बोंडीबी बसवता येत नाही." सगळे हसले. तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं, आणि पाहूनही गप्प राहिले. मामाजी चिडून म्हणाले, मग घ्या अर्धा अर्धा. तू टाकी आणि बर्नर उचललास, मी काच आणि बोंडी. दोघींच्या नवऱ्यांनी कपाळाला हात लावला. तिथंच, पंचांसमोर, मी ओरडून सांगितलं की जन्मात बोलणार नाही, आणि पंधरा दिवसांत आपल्या दोघींच्या हट्टापायी त्या दोघा भावांनी मुकाट्यानं भिंत घातली. दगडमाती वाहताना ते मात्र एकमेकांशी बोलत होते, बिडीसुद्धा एकच ओढत होते.

त्यानंतरचे आपले प्रताप आठवले की मला एकटीला हसू फुटतं. तू बाटलीचं बूड कापून तिची काच केलीस, आणि पावडरच्या डब्याचं भोकाभोकाचं झाकण बोंडी म्हणून बसवलंस. मला भिंतीवरून सगळं दिसत होतं. काळ्या धुराचा लोट निघाला, वर पावडरचा वास, आणि बाटली फटकन फुटली. मोठे भाऊजी खोकत बाहेर आले आणि म्हणाले, "दिवा लावून राहिली का भट्टी लावून राहिली व?" मी तोंडात पदर कोंबून हसले. पण माझीही गत काही वेगळी नव्हती. आमच्या ह्यांच्याकडून मी लाखनीहून टेबलावरचा दिवा मागवला, त्याची वात चपटी, त्यावर आपली ती भली मोठी काच अशी बसली जशी लेकराच्या डोक्यावर सासऱ्याची टोपी. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आता बोंडीची नथ करून घाल नाकात."

आता एक गोष्ट कबूल करते, पण आधी पाणी पिऊन घे. दरवर्षी दिवाळीआधी मी माझी काच दुपट्यात गुंडाळून, तुला दिसेल अशी भिंतीजवळच्या बाजेवर उन्हाला ठेवायची ना? ती काच अठ्ठ्याहत्तर सालीच फुटली. मीच राखेनं घासताना फोडली. तेव्हापासून त्या दुपट्यात दुधी भोपळा असायचा. सहा वर्षं मी तुला दुधी भोपळा दाखवून खिजवलं. एका वर्षी तो आतच सडला आणि दुपट्याला मुंगळे लागले, तेव्हा तू भिंतीपलीकडून बराच वेळ बघत होतीस, आणि मला वाटलं, संपलं, कळलं हिला. तू काही बोलली नाहीस. बोलणार तरी कशी, आपलं बोलणं बंद होतं.

एक्याऐंशीत मी चोरून लाखनीला गेले, हायवेवर भैय्यालालच्या दुकानात. स्टोव्हच्या पिना, ट्रकचे लट्टू, कंदिलाच्या काचा, सगळं एकाच फळीवर. मी बोंडी दाखवून गोल वातीची काच मागितली. त्यानं बोंडी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि कपाळाला आठी घालून म्हणाला, "बाई, असा कांच आता कोणी बनवत नाही. एकच पडून होता, तो तुमच्या दिघोरीच्याच एका बाईनं नेला. अन् ती दोनदा येऊन गेली, हीच बोंडी पाहिजे म्हणून. मी म्हटलं, नवा दिवा घेऊन टाका. त म्हणते, मले तोच पेटवाचा आहे. तुम्ही दोघी एका गावच्या, एका दिव्यासाठी फिरून राहिल्या, अन् एकमेकीले ओळखत नाही का?" मी म्हटलं, ओळखते थोडी. परत येताना बसमध्ये मला आनंद व्हायला हवा होता, की गिरजाकडे सगळं आहे आणि एक बोंडी नाही. थोडा झालाही. पण साकोली येईपर्यंतसुद्धा टिकला नाही, इतका हलका होता तो. तू शोधत लाखनीपर्यंत जाऊन काच आणलीस, तीन वर्षं ती सांभाळलीस आणि एका शब्दानं मला कळू दिलं नाहीस. मी मात्र भोपळा वाळवत बसले होते.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. पाकिटाच्या कोपऱ्यात चिंधीत बांधलेलं जे हाताला लागतंय ती बोंडी आहे. पण नुसती बोंडी मिळून भागणार नाही, म्हणून पुढचं नीट वाच. तिच्या खालच्या कडेला एक बारीक खाच आहे, नखानं चाचपली तरच कळते. नळीच्या आत तसाच एक बारीक खिळा आहे. खाच खिळ्यावर धरायची, दाबायची आणि वातीच्या चावीच्या बाजूला फिरवायची. बोटाला टक असं लागलं की बसली. बस, एवढंच आहे ते. तुला बोंडी बसवता येत नव्हती कारण मी तुला कधी बघूच दिलं नाही. चौदा वर्षं मी पदराआड हात धरून ती बसवायची, आणि तू जवळ आलीस की मुद्दाम बोलण्यात गुंतवायची. घरात मोठी तू, किल्ल्या तुझ्या कमरेला, माझं म्हणावं असं माझ्याकडे तेवढंच एक होतं. आणि ज्या गोष्टीवरून मी तुला भरल्या आंगणात खाली पाहायला लावलं, ती मीच तुझ्यापासून लपवून ठेवलेली होती. याची मला लाज वाटते, गिरजा. आज नाही, त्या दिवसापासून वाटते. आता तुझ्याकडे टाकी आहे, काच आहे, बोंडी आहे आणि खाचही ठाऊक आहे. पुढच्या शुक्रवारी दिवेलागणीला शकुन दारात येईल, तेव्हा दिवा तू स्वतः पेटव आणि तिच्या हातात दे. त्यासाठी तुला माझी काही गरज उरलेली नाही, आणि तशी ती उरू नये म्हणूनच हे सगळं लिहिलं. मी हिरवं लुगडं नेसून आंगणात बसलेली असेन. भिंतीपाशी येऊन तू एकदा 'रेवता' म्हणालीस, तर मला कळेल की ती हाक दिव्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. आणि नाहीच म्हणालीस, तर भिंतीवरून येईल तेवढा उजेड मी बघेन आणि तक्रार करणार नाही. पण म्हण, गिरजे.

तुझीच, एका पाटीवरची,
रेवता