रग्घू भैयाचं पोस्टर

४ नोव्हें., मंगळ.
रग्घू भैया आज परत दुकानात. दतिया गेटच्या या फ्लेक्सच्या दुकानात लागल्यापासून हाताने रंगवलेलं कोणी मागितलं नव्हतं. याला वाढदिवसाला फ्लेक्स नको. पत्र्यावर ऑइल पेंट हवा, जुन्या मारधाडीच्या सिनेमांच्या पोस्टरसारखा, आणि हीरोच्या जागी तो स्वतः.
"आधा चेहरा नारंगी, आधा हरा. समझे, मराठे?"
मला समजावतोय. मी नववीत शाळा सोडली ती या पोस्टरांपायीच.
मग वाद. एका जुन्या सिनेमात खलनायक गुळाच्या कढईत पडतो. मी म्हणतो, नुसती वाफ दिसते. तो म्हणतो, चेहरा दिसतो. बाहेर एका लोडरवाल्याचा, मालाच्या टेम्पोचा, हॉर्न थांबेना. र.भै. उठला, खिडकीतून त्याची मान धरली आणि तोंड स्टीअरिंगवर आपटलं. परत परत. आत आला, माझ्या फडक्याला हात पुसला.
"हाँ तो मैं कह रहा था, भाप के पीछे चेहरा है. ध्यान से देखना."
फडकं वेगळं धुतलं. लोडरवाला दात शोधत होता. मी बाहेर गेलो नाही.

७ नोव्हें., शुक्र.
चेहरा जमला. उजेडाच्या बाजूला नारंगी, सावलीला हिरवा, भुवईखाली निळ्याची एकच रेघ. ओठाच्या कोपऱ्यातून रक्त. ते हवंच.
र.भै.ला माझी फाइल दाखवली. कॅलेंडरांची चित्रं, काड्यापेट्यांचे छाप, आईने जपलेल्या गोष्टींच्या पुस्तकातले राक्षस. एका राक्षसाचं पोट फाडलंय, आतडी गुलाबी, फुलांच्या माळेसारखी. तो कितीतरी वेळ तेच पान धरून बसला. "इतना सुंदर खून किसने बनाया, यार."
अख्ख्या झाशीत असं बोलायला मला दुसरं कोणी नाही. तो काय धंदे करतो ते विचारायचं नाही, एवढं पाळलं की झालं. त्याच्या थोरल्या भावाचे, बड़े भैयांचे, ट्रक बिजौलीत चालतात. ते गल्लीतून गेले की लोक उठून उभे राहतात. मीही.

९ नोव्हें., रवि.
बोर्ड चौकात लागला. ढोल, हार, हवेत गोळीबार. शिडीवरून पडता पडता वाचलो.
र.भै.ची अम्मा आली. बोर्डाकडे बघून घाबरलीच. "ऐसा बना दिया मेरे लड़के को?" मग डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं, पोरांना स्वतःला उचलून धरायला लावलं आणि बोर्डावरच्या गालाला तीट लावली. दृष्ट लागू नये म्हणून.
नेमकी नारंगीच्या सगळ्यात उजळ जागी. दुरून बघितलं तर गालाला भोक पडल्यासारखं. दुपारपर्यंत सहन केलं. मग गर्दी पांगल्यावर शिडी लावली, तारपिनाने पुसली, नारंगी परत भरली. समोरचा पानवाला बघत होता.
आता बरोबर दिसतं.

११ नोव्हें., मंगळ.
र.भै.ला मोठ गावच्या धान्यमंडीत भोसकलं. वजनकाट्यावरून भांडण म्हणतात, कोणी म्हणतं जुनं वैर. पोटात दोन ठिकाणी, एक मानेला. गव्हाच्या पोत्यांवर पडला होता. माझ्या हातून काहीच काम होत नाहीये.
आमचा दादा कारखान्यातून आला. म्हणाला, "श्री, उद्या दुकानात जायचं नाही. गल्लीत तुझंच नाव आहे." पानवाल्याने सांगितलंय. तीट मराठ्याने पुसली.

१२ नोव्हें., बुध.
गेलो. न जाणं म्हणजे पुसली असं कबूल करणं, असं वाटलं. दुकानातच बसून लिहितोय, अजून कोणी आलेलं नाही. पुसली तर होतीच.

१६ नोव्हें., रवि.
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाईट येतंय, निदान शुद्ध असू दे.
बुधवारी ते आले. प्रिंटर फोडला. मालक मागच्या दाराने गेले. कोणीतरी बुटाने तोंडावर, मग बरगड्यांत. बड़े भैया स्टुलावर बसून शांतपणे विचारत होते, "क्यों पोंछा?"
मी खरं सांगितलं. म्हटलं, उजेडाच्या जागी काळं आलं होतं, चेहरा बिघडत होता.
ते हसले नाहीत. "इसका हाथ रखो." उंबऱ्यावर धरला आणि शटर ओढलं. आवाज आधी ऐकू आला, दुखणं नंतर आलं.
"दोबारा ब्रश उठाया तो पंजा ही ले जाएँगे."
मधली दोन बोटं. डॉक्टर म्हणाले, वाकतील की नाही सांगता येत नाही. ब्रश त्या दोन बोटांवरच तर पेलतो.
बोर्ड त्यांनी कुऱ्हाडीने तोडला. गालापासून सुरुवात केली म्हणे.

१७ नोव्हें., सोम.
दादाने कारखान्यातून सळई आणलीये. "दोन बोटांच्या बदल्यात त्याच्या ड्रायव्हरांचे गुडघे." आई दारात आडवी उभी. "आधी माझा फोड." तो रडला, सळईने आमचाच हौद फोडला. अंगणभर पाणी.
आई मला म्हणाली, "तू तरी कशाला पुसलीस रे? आईने लावलेली होती."


१९ नोव्हें., बुध.
र.भै.चा फोन, हॉस्पिटलमधून. आवाज पार खोल गेलेला.
"भैया ने तेरा हाथ... मुझे अब पता चला."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"टीका तो मैं भी पोंछ देता, यार. पूरा चेहरा खराब कर दिया था अम्मा ने."
हसायला आलं. बरगडीत कळ गेली, तिकडे तोही विव्हळला, त्याचे टाके. कितीतरी वेळ दोघेही हसत आणि ओरडत होतो.
शेवटी म्हणाला, तू ये. नवं पोस्टर करायचंय.

२० नोव्हें., गुरु.
भेटायला गेलो. दादाला सांगितलं नाही. अम्मा पलंगाशी बसलेली. माझ्या प्लास्टरकडे बघितलं, पदर डोळ्याला लावला, बाहेर गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
र.भै.चं पोट पट्ट्यांनी बांधलेलं. डोळे मात्र पोस्टर बघितल्यासारखे चमकत होते. तसाच बोर्ड हवा, तसाच हिरवा-नारंगी. आणि खाली...
जुन्या पोस्टरांत खाली खलनायक असतात ना, लहान लहान, आडवे पडलेले. तिथे भोसकणारे तिघे हवेत. डोळे उघडे, तोंडातून रक्त.
"पर वो तो ज़िंदा हैं."
"अभी हैं."
फोनवर तिघांचे फोटो पाठवले. मी म्हटलं, बड़े भैयांनी ब्रशला बंदी केलीये. तो म्हणाला, भैयाला हे पोस्टर माझ्याहून जास्त हवंय.
घरी येताना सारखं तेच डोक्यात. तिघांना कसं मांडायचं. मधला डोकं खाली करून, बाकीचे दोघे त्रिकोणात. नको म्हटलं तरी दिसत राहतं.

२२ नोव्हें., शनि.
बड़े भैया घरी. नवा पत्रा अंगणात, फुटलेल्या हौदाला टेकवून ठेवला. आईने खुर्ची दिली, ते बसले नाहीत.
"रविवार को चौक में लगेगा. अगले वाले. मोठ वाले भी देख लें."
दादा मध्ये आला. "हात मोडलाय त्याचा. तुम्हीच मोडलाय." मराठीतच बोलला, रागात त्याला हिंदी आठवत नाही.
बड़े भैयांना कळलं असावं. "दूसरा तो है." मग माझ्याकडे बघून, "नहीं बनाया तो समझेंगे, उधर का है."

२३ नोव्हें., रवि.
फोटो मोठे करून बघितले. पहिला जाड, मानेवर जखमेचा व्रण. दुसरा चष्म्याचा. तिसऱ्याला मिसरूडही नीट नाही, कानात बाळी, मेळ्यातल्या आकाशपाळण्यासमोर उभा आहे.
चेहरे लागले की चौकातलं कोणीही ओळखेल. त्यानंतर कोणाला लपता येणार नाही. न लावले तर माझा दुसरा हात, आणि मग दादा थांबणार नाही.
एक सुचलंय. डाव्या हाताने साम्य येत नाही म्हणायचं. चेहरे कोणाचेच नसलेले काढायचे. मुद्दाम केलंय हे बड़े भैयांना काय कळणार. र.भै.ला कळेल.

२५ नोव्हें., मंगळ.
आज डाव्या हाताने कागदावर तिसऱ्याचा चेहरा करून बघितला. मुद्दाम चुकवणार होतो. नाक वाकडं घेतलं, मग ते डोळ्याला खुपायला लागलं, सरळ केलं. गाल जरा भरले. पापणीखाली हिरवा लावला.
आई भाजी निवडताना वाकून बघायला लागली.
"कोणाचा मुलगा?"
"मोठकडचा."
"हुबेहूब जिवंत वाटतोय रे. किती लहान आहे."
तिला माहीत नाही, हा मेलेला दाखवायचाय. कागद अजून फाडलेला नाही. र.भै.चा मेसेज आलाय, पहिला चेहरा झाला की फोटो पाठव, बघायला जीव तडफडतोय.
फोटो काढलाय. पाठवलेला नाही.