बुटक्याची करंडी

अप्पा,

मागच्या आठवड्यात आमच्या शेजारचे बँकेतले साहेब एक पांढरं, झुबकेदार कुत्रं काखेत घेऊन माझ्या दारात उभे राहिले. बदली झालीय, नव्या गावी वरच्या मजल्यावर जागा मिळालीय, तिथला मालक कुत्रं ठेवू देत नाही. "आजी, तुम्ही ठेवता का? नाहीतर कुणी चांगलं माणूस तरी बघा." त्यांना बसा म्हणायच्या आधीच मी विचारलं, "वय काय याचं? कशाला भितो? घरात त्याला खायला कोण घालतं?" ते गोंधळले. कुत्रं देताना असं काही सांगायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की हे प्रश्न माझे नाहीत, तुमचे आहेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा मी आता कितीतरी म्हातारी आहे. तरी तुम्हाला विचारायच्या गोष्टी संपत नाहीत. बुटक्याची गोष्ट त्यातलीच.

ती दुपार अजून दिसते. तुम्ही गुरांच्या दवाखान्यातून येता, सायकलच्या मागे झाकणाची वेताची करंडी सुतळीनं बांधलेली, आणि आई दारातच अडवते. गिरणीतला कुणी गोरा इंजिनीअर कायमचा विलायतेला निघालेला. त्याच्या खानसाम्यानं करंडी दवाखान्यात आणून ठेवली आणि निरोप सांगितला, की चांगलं घर मिळालं तर द्या, नाहीतर औषध देऊन संपवा. डॉक्टरांनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. ते औषध तयार करायचं काम कंपाउंडरचं, म्हणजे तुमचं. हे तुम्ही आईला सांगितलंत, मला नाही, पण मी दाराआडच होते. तुम्ही झाकण उघडलंत आणि आतून तांबूस केसांचं, आखूड पायांचं, दोन वितींचं एक कुत्रं बाहेर आलं. त्यानं आपल्यापैकी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते जाऊन सायकलच्या चाकाला टेकून बसलं, जणू परत जायची वाट बघत.

"हे आता इथंच राहणार का?" आईनं विचारलं. तुम्ही म्हणालात, "नाही. दवाखान्यातलं एक जनावर घरी ठेवलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. शिवाय घरमालक फार दिवस सहन करायचा नाही. याला घर बघू." घर बघू हे शब्द त्या दिवसांत आपल्याकडे सारखेच कानावर पडत होते, कारण माझ्यासाठीही घर बघणं चाललेलं होतं. आई हसली, मीही हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत.

त्याचं साहेबी नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून गल्लीनं त्याला बुटक्या केलं. तो पाव आणि दूध सोडून कशाला तोंड लावत नसे. तुम्ही आईला सांगितलंत, रोज पाव थोडा कमी कर आणि त्यात भाकरी कुस्कर. पुढं त्याला जे मिळणार आहे त्याची सवय इथंच लागू दे. आईनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, त्याला आत पाऊल टाकू न देता, कुरकुरत ते केलं. गिरणीचा भोंगा झाला की बुटक्या मान वर करून रडायचा. प्रत्येक पाळीला. गिरण्यांच्या सोलापुरात राहून भोंग्याला रडणं म्हणजे केवढी चैन. शेजारच्या पोरांना करमणूकच झाली. आणि येईल तो एकच विचारायचा, "पिल्लू लई गोड हाय. कुटवर वाढंल हो?" तुम्ही प्रत्येकाला सांगायचात, "हे पिल्लू नाही. सात-आठ वर्षांचं आहे. हे एवढंच." त्यावर माणसाचा चेहरा पडायचा. मला ते ऐकताना चमत्कारिक वाटे, कारण मला बघायला येणाऱ्यांना आई उलटं सांगत असे. मी शाळेच्या प्रार्थनेत कायम पहिल्या ओळीत उभी राहणारी; उंची वाढायची केव्हाच थांबली होती. पण आई म्हणे, "अजून वाढेल हो ती. आमच्याकडच्या मुली उशिरा वाढतात."

करंडीत बुटक्या एकटा बसत नसे, माझा हात आत असला तरच गप्प राही, म्हणून त्याच्यासाठी घरं बघायला जाताना तुम्ही मला बरोबर घेऊ लागलात. लग्नाच्या पोरीला गावभर कुत्रं घेऊन हिंडवता म्हणून आईनं डोक्यावर हात मारला. पण अप्पा, मला त्याची केवढी गंमत वाटली होती. मला बघायला लोक येत तेव्हा मी खाली मान घालून पाटावर. आणि इथे मी तुमच्याबरोबर लोकांच्या ओसरीवर बसून त्यांना बघत होते. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नसे. एका वकिलांच्या घरी मला सगळंच आवडलं, झोपाळा, फुलझाडं, गोरीपान मुलं. तुम्ही मात्र चहा पिऊन "कळवतो" म्हणालात. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय वाईट होतं? "अंगणातल्या मांजराची वाटी पाहिलीस? कोरडी होती. आणि त्या बाई बोलायच्या आधी नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होत्या." मी मागे वळून ते घर परत बघितलं. तेच घर, पण मला आता वेगळं दिसत होतं.

मग महिना संपत आला तशी मी घाबरले. चाटी गल्लीतल्या एका दुकानदारानं वय विचारलं, तेव्हा तुम्ही बोलायच्या आधी मीच बोलून गेले, "वर्षाचा असेल. वाढेल अजून." तुम्ही त्या माणसाला खरं सांगितलंत, करंडी उचललीत आणि रस्त्यात मला म्हणालात, "खोटं सांगून दिलेलं जनावर आठवड्यात रस्त्यावर येतं. मग ते त्या माणसानं टाकलेलं नसतं, आपणच टाकलेलं असतं." तुमचा आवाज चढला नव्हता. पण घरापर्यंत मी करंडीतला हात काढला नाही.

त्याच आठवड्यात करमाळ्याची मंडळी मला बघायला आली. मोठं घर, अडत, मळा, दोन विहिरी. आईनं पोहे केले होते, बुटक्याला मागच्या दारी बांधलं होतं. सगळं छान चाललं होतं. मुलाच्या वडिलांनी मला उभं करून पाहिलं आणि म्हणाले, "जरा ठेंगणी हाय. पर वाढंल की." आईनं मान डोलावली. तुम्ही पोह्यांच्या बशीत बघत होतात. तेवढ्यात भोंगा झाला, आणि मागून बुटक्याचं रडणं. मुलगा उठला, मागं गेला, आणि त्याला मानेच्या कातड्याला धरून, हवेत लोंबकळत घेऊन आला. "भितंय बगा लई," तो हसत म्हणाला, आणि तोंडानं भोंग्यासारखा आवाज काढला. बुटक्या रडला. सगळे हसले. त्यानं परत काढला, परत रडला. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. "हे कुत्रं बी द्या की आमाला," मुलाचे वडील म्हणाले. "मळ्यावर राखन करंल." तुम्ही म्हणालात, "ते एवढंच राहतं. राखण नाही व्हायची त्याच्यानं." "खायाला घातलं की वाढतंय," ते म्हणाले.

ती माणसं गेली. आई शेंगा फोडत बसली, खुशीत होती. तुम्ही बुटक्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणालात, "कुत्रं मात्र त्यांना द्यायचं नाही." आई म्हणाली, "पोरगी द्यायला निघालोय ते घर कुत्र्याला चालत नाही होय? द्या ते त्यांना, नाराज कशाला करायचं." तुमचा हात थांबला. मी चुलीपाशी होते, मला तुमची पाठ दिसत होती. तुम्ही टोपी घातलीत आणि सुट्टी असूनही दवाखान्यात निघून गेलात. दुसऱ्या दिवशी करमाळ्याला नकार गेला. आई पुढं कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत होती, की आमच्या घरात कुत्र्यापायी सोन्यासारखं स्थळ मोडलं.

इथे मला तुम्हाला विचारायचंय. तुम्हाला आधीच कळलं होतं, की आई बोलल्यावर कळलं? वकिलांच्या घरी मांजराची वाटी बघणारे तुम्ही, करमाळ्याच्या त्या घरी एकदा तरी गेला होतात का? मला आठवतं त्याप्रमाणे नाही. माझ्यासाठी तुम्ही त्या घराबद्दल फक्त ऐकून होतात. याचा मला राग नाही, नवल वाटतं. एकच माणूस एका महिन्यात दोन घरं अशा दोन तऱ्हांनी कशी बघतो? आणि हेही सांगून टाकते, मुलगा दिसायला फार देखणा होता. मी दोन दिवस नीट जेवले नाही. बुटक्यावर रुसले होते.

बुटक्याचं घर शेवटी, महिना संपायला दोन दिवस उरले असताना, शहराच्या पूर्व भागात मिळालं. हातमागावर विणणारं म्हातारं तेलुगू जोडपं, मुलं मुंबईला. म्हातारबाबा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते, त्यामुळे त्यांचं तोंड जमिनीपासून हातभरच वर. बुटक्या करंडीतून निघाला तो थेट त्यांच्याकडे गेला आणि नाकासमोर उभा राहिला. आपल्या घरी येऊन त्यानं इतके दिवस फक्त पायच बघितले होते. मागाचा खडखडाट चालू झाला तरी तो हलला नाही. म्हातारीनं पदरानं हात पुसले आणि विचारायला लागली. "काय खातंय? निजतंय कुटं? आदीच्या घरात कोन होतं त्याचं? रात्री रडतंय काय?" तुम्ही सगळं सांगितलंत, भोंगाही सांगितलात, पोटाखाली हात घालून उचललं तर चावतं हेही सांगितलंत. ती म्हणाली, "मग न्हाय उचलनार." तुमचा चेहरा मी पाहिला. इतक्या घरांत हिंडून तुम्ही काय शोधत होतात ते मला त्या क्षणी समजलं. तुम्हाला विचारणारं माणूस हवं होतं.

लगेच दिलं मात्र नाहीत. आधी तीन-चार वेळा नेऊन बसवलंत, परत आणलंत. मग एके दिवशी त्याच्या खालच्या फाटक्या गोधडीसकट ठेवलंत आणि म्हातारीला म्हणालात, "करंडी असू द्या. नाही जमलं तर यातूनच परत आणा, कधीही आणा, मी एका शब्दानं विचारणार नाही. रस्त्यावर सोडू नका. आणि रुळला असं वाटलं तर करंडी तेवढी पाठवून द्या, म्हणजे मला कळेल." दिवाळीच्या आधी ती स्वतः करंडी घेऊन आली, रिकामी, धुऊन वाळवलेली. तुम्ही ती फळीवर ठेवलीत आणि त्या दिवशी आईनं दिलेल्या भाजीला नावं ठेवली नाहीत.

पुढच्या वर्षी मंगळवेढ्याचे लोक आले. यावेळी तुम्ही आधी जाऊन आला होतात, न कळवता, जेवणवेळेला. आईला लाज वाटली होती. बैठकीत आईनं तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "हिची उंची एवढीच आहे. आता वाढायची नाही. विजा चमकल्या की घाबरते, आणि राग आला की जेवत नाही." आईनं डोळ्यांना पदर लावला. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्यातल्या फळ्या खालीच ठोकल्यात की. मी बी एवढीच हाय." आणि मग मलाच विचारलं, "तुला खायाला काय आवडतं गं?" मी पहिल्यांदाच पाटावरून मान वर करून बघितलं.

लग्नानंतर मोटार सुटायच्या वेळी तुम्ही ती करंडी माझ्या मांडीवर ठेवलीत. फिनेलनं धुतलेली, उन्हात तापवलेली, आत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आई हळूच म्हणाली, "अहो, कुत्र्याची करंडी देताय पोरीला." तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं केलंत. मला एवढंच म्हणालात, "राहू दे तुझ्याजवळ."

अप्पा, तुम्ही मंगळवेढ्याला यायचात तेव्हा टोपी काढायच्या आधी तुमची नजर स्वयंपाकघराच्या फळीवर जायची. करंडी तिथंच असायची. तुम्ही कधी विचारलं नाहीत, ठरल्याप्रमाणे. मी सुखात होते. भांडणं झाली, दुष्काळाची वर्षं गेली, एकदा मी रागानं जेवण सोडलं तेव्हा सासूबाई ताट घेऊन माझ्यासमोर बसून राहिल्या. परत यायची वेळ आली नाही. मग करंडी पाठवून द्यायला हवी होती, तुम्हाला कळलं असतं, जीव स्वस्थ झाला असता. ते मला ठाऊक होतं आणि मी पाठवली नाही. ती घरात आहे तोवर सोलापूरचं दार माझ्यासाठी उघडं आहे, असं मला वाटत होतं. तुम्ही गेलात तेव्हाही ती फळीवरच होती.

शेजारच्या साहेबांच्या कुत्र्याला घर मिळालं. आमच्याच गल्लीतल्या शिक्षिकाबाई, पुष्कळ प्रश्न विचारणाऱ्या. ते पाठवायचं म्हणून काल मी माळ्यावरून करंडी खाली काढली, धूळ झटकली, झाकण दोनदा उघडून बघितलं. मग परत वर ठेवून दिली, आणि कुत्र्याला साबणाच्या खोक्यातून पाठवलं.