नऊ पावले लांब, पाच पावले रुंद

अप्पा, गेल्या सोमवारी मी तुम्हाला आपल्या स्मशानात शोधायला गेलो आणि तुम्ही मला दोन ठिकाणी सापडलात. तुम्ही जाऊन बेचाळीस वर्षे झाली. एवढ्या काळात मला कधी शंका आली नव्हती. बेलाच्या झाडाखालचे मोठे थडगे तुमचे, असे मीच सर्वांना सांगत आलो आणि माझे सांगणे गावात कोणी तपासून पाहत नाही. तीस वर्षे इतरांची वाक्ये दुरुस्त केलेल्या मास्तराचा तेवढा दरारा असतो. आता बोरीकडे जाणारा रस्ता रुंद व्हायचा आहे. मोजणीदाराने स्मशानाच्या कडेने दोरी ताणली आहे. दोरीच्या आत येणाऱ्या ज्या थडग्यांची ओळख घरची माणसे पटवतील, त्यांना चुन्याची खूण करायची आणि रस्ता तेवढा वळवायचा, बाकीची सपाट. बेलाखालचे थडगे दोरीच्या बाहेर आहे, म्हणजे मला काहीच करायचे नव्हते. केवळ खात्री असावी म्हणून गेलो, आणि होती ती खात्रीही तिथे ठेवून आलो.

रझाकारांच्या दिवसांत तिकडे कोणी फिरकले नव्हते, आणि पोलीस ॲक्शननंतरही वाट मोकळी करावी असे कोणाला सुचले नाही. घाणेरी छातीपर्यंत आली आहे. मी काठीने फांद्या बाजूला सारत असताना आतून आवाज आला, "कोन हाय? मास्तर व्हय? जपून या, काटे लय हायेत, धोतर फाटंल." धनगराच्या घरची एक म्हातारी तिथे शेळ्या चारते. मी म्हणालो, वडिलांचे थडगे पाहायचे आहे. "कोन्तं? बेलाखालचं का त्याच्या पल्याडचं?" पलीकडे काही नाही, असे मी ठामपणे सांगितले. ती हसली. "नसायला काय झालं? माझी शेळी रोज त्याच्यावरच बसायलीय." तिने काठीने झुडूप झोडपून दाखवले. खाली दगडांची बुटकी चौकट निघाली, अर्धी दोरीच्या आत. "माजी सासू म्हनायची, मास्तरच्या घरचं बारकं थडगं हे." बारके म्हणजे कोणाचे, असे मी विचारले. "ते तुमी सांगायचं. शिकल्याली तुमी का मी?"

आपल्यात माणसाला जाळत नाहीत. इष्टलिंग तळहातावर देऊन, बसवून पुरतात, आणि खड्डा मोजतात तो मृताच्याच पावलाने, नऊ पावले लांब, पाच पावले रुंद. हे तुम्हाला काय सांगावे? पण लिहिताना क्रम सुटू नये. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या पूजेच्या खडावा घेऊन गेलो. लाकूड पावलापेक्षा लांब असते, म्हणून अंगठ्याच्या ठशापासून टाचेच्या खळग्यापर्यंतचे अंतर दोऱ्यावर घेतले. बेलाखालचे थडगे त्या दोऱ्याने बरोबर नऊ भरले. मला हायसे वाटायला हवे होते. मग मी वहाणा काढल्या, लहान थडग्याच्या कडेने टाचेला अंगठा लावत चाललो, आणि तेही नऊ भरले, माझ्या पावलांनी. रुंदी पाच. मी तिथेच दगडावर बसलो. म्हातारी म्हणाली, "उन लागलं काय मास्तर?"

कारण तुम्ही गेलात त्या सकाळी विधी करायला आलेल्या स्वामींनी सुताचा दोरा माझ्या हाती दिला होता. थोरला मुलगा म्हणून माप मीच घ्यायचे होते. मी एकोणीस वर्षांचा आहे, तुम्हाला ओसरीवर भिंतीला टेकवून बसवले आहे, कपाळावर विभूती आहे, धोतराखालून तुमचे पाऊल पुढे आले आहे, आणि मी त्याला हात लावू शकत नाही. मी न्हाणीच्या आडोशाला गेलो, दोरा स्वतःच्या पावलाला लावला, गाठ मारली आणि खणणाऱ्यांना नेऊन दिला. माझे पाऊल आजीवर गेले आहे, असे तुम्हीच म्हणत असा. खड्डा तंग झाला. खाली उतरलेल्या माणसाने वर पाहून विचारले, "माप कोनी घेतलंय हो?" मी म्हणालो, मी. स्वामींनी माझ्या पायांकडे पाहिले. त्यानंतर त्यांनी खड्डा वाढवला, की तुम्हाला तसेच आखडून बसवले? मी पाठ फिरवून उभा होतो. दहाव्या दिवशी नोकरीवर गेलो आणि चार वर्षांनी परतलो, तोवर दगड लागून गेले होते. खड्डा वाढवला असेल, तर मोठे थडगे तुमचे आणि लहान आजीचे. वाढवला नसेल, तर लहान तुमचे आणि मोठे आजोबांचे. त्यांचे पाऊल तुमच्याएवढेच होते म्हणतात. कसेही धरले तरी तिसरे थडगे घाणेरीत कुठेतरी हरवले आहे. दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. खरे कोणते, ते सांगू शकेल असा माणूस आता गावात उरलेला नाही.

गुरुवारी मी चुन्याची बादली घेऊन गेलो. मोजणीदार तरुण आहे, नम्र आहे. "गुरुजी, तुमचं तर बेलाखालचं ना? ते सुरक्षित आहे. हे कोणाचं लिहू?" त्या क्षणी मला तुमचे बोलणे आठवले. तुमच्या अखेरच्या आठवड्यात सोयऱ्यांचे पत्र वाचून दाखवताना दोन शब्द लागले नाहीत, म्हणून मी ते मनाने जुळवले, आणि तुम्ही चारचौघांत म्हणालात, "येत नसेल तर येत नाही म्हण. अंदाजानं वाचू नकोस." वडिलांचे म्हणावे तर तो अंदाज, आजीचे म्हणावे तर तोही अंदाज. ठाऊक नाही म्हणावे, तर उद्या तिथे खडी पडेल. मी म्हणालो, "माझे लिहा." तो वहीवरून मान वर करून पाहत राहिला. "तुमचं? पण तुम्ही तर उभे आहात." म्हातारी शेळ्या सोडून जवळ आली होती. "मास्तर, गुडगे धरलेत तुमचे, आत्ताच एकदा बसून बगा की जमतंय का!" मी वहाणा काढल्या आणि सर्वांदेखत पुन्हा नऊ पावले चाललो. माप माझ्या पावलाचे आहे, हे त्यालाही नाकारता येईना. त्याने लिहून घेतले, दोरी हातभर सरकवली, आणि चुना मी स्वतः टाकला.

माझ्या वेळी तो खड्डा उघडतील तेव्हा आत कोण निघेल, हे मला समजत नाही. आणि तुम्ही निघालात तर घरच्यांनी काय करावे, हेही सांगून ठेवलेले नाही. हे पत्र बेलाखाली ठेवावे की चुन्याच्या चौकटीत, याचाही निर्णय होत नाही, म्हणून ते वहीतच राहील. एक गोष्ट मात्र अंदाजाची नाही. सोयऱ्यांच्या त्या पत्रावरून बोललात त्याचा राग धरून मी तीन दिवस तुमच्याशी बोललो नव्हतो. तिसऱ्या दुपारी तुम्ही खाटेवरून म्हणालात, "पाय लई दुखायलेत रे, जरा चेप." मी पुस्तकाचे पान उलटले. मला ऐकू आले होते, अप्पा.